शेवटच्या पानावर राहिलेली तारीख

वकिलांच्या ऑफिसात डिसेंबरचं एक काम ठरलेलं असतं. नव्या वर्षाची डायरी येईपर्यंत पुढच्या वर्षाच्या तारखा जुन्या डायरीच्या शेवटच्या पानांवर लिहायच्या आणि मग नवीत उतरवायच्या. आमच्याकडे हे काम माझं. गेल्या खेपेला एक ओळ उतरवायची राहिली. सुरगाण्याकडच्या एका आजोबांचा जमिनीचा दावा होता. तारखेला आमच्याकडून कोणीच उभं राहिलं नाही, आणि कोर्टाने गैरहजेरीमुळे दावा काढून टाकला.

त्याच आठवड्यात आमच्या वकील सरांनी सॉफ्टवेअर घ्यायचं मनावर घेतलं. प्रकार दोन. केस मॅनेजमेंट म्हणजे फक्त खटले: तारखा, कागद, कुठे काय बाकी. प्रॅक्टिस मॅनेजमेंट म्हणजे अख्खं ऑफिस: खटले, शिवाय बिलं, भेटी, स्टाफच्या रजा. सरांचा जीव दुसऱ्यावर, तरी आपल्याला काय लागतं याची यादी त्यांनी मला करायला सांगितली.

"बोला मॅडम, तुमची यादी काय म्हणते?"

"वर्षभरात आपलं काय चुकलं ते लिहिलंय. बिल नाही, रजा नाही. तारीख."

"म्हणजे तुम्ही चुकलात."

"तेच लिहिलंय."

"उद्या मोठं घ्यावं लागलं तर सगळं पुन्हा भराल?"

त्यांचं खरं होतं. मी तेही यादीत लिहिलं. पण मोठं सॉफ्टवेअर शिकण्यात दोन-तीन महिने जाणार, आणि तारखा तोवर थांबणार नव्हत्या. शेवटी सर म्हणाले, "घ्या तुमचं लहान."

दावा पुन्हा सुरू व्हावा म्हणून अर्ज करायचा होता. त्यात गैरहजेरीचं कारण लागतं. सरांनी नेहमीचं सांगितलं: अशील आजारी होते. सहीसाठी आजोबांना बोलावलं. मी मजकूर वाचून दाखवला.

"मी कुठं आजारी व्हतो? तुमीच म्हनले, फोन करू. मी फोन घिऊन बसलो व्हतो."

सरांनी कपाळ चोळलं. "आजोबा, असंच लिहितात."

"मंग खोटंच झालं ना, सायेब."

मी म्हटलं, "सर, चूक माझी आहे. माझंच प्रतिज्ञापत्र लावू."

"ऑफिसचं नाव जाईल."

"आजोबांची जमीन जाईल."

सरांनी अर्ज पुन्हा स्वतःकडे ओढला. मग त्यांनी मजकूर बदलून दिला. दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आवारात, भर उन्हात रांगेत उभी राहून मी स्वतःच्या चुकीवर शपथेने सही केली.

आता रोज वीसेक खटले संगणकात भरते. डोळे दुखतात. अर्जावर समोरच्या वकिलांनी उत्तरासाठी मुदत मागितली, कोर्टाने दिली. त्या संध्याकाळी मी आजोबांना फोन करून नवी तारीख सांगितली.

"बाई, दावा हाय का गेला?"

"अजून ठरलं नाही, आजोबा. या वेळी तुम्ही स्वतः या. मीही तिथेच असेन."

"येतो. पहिल्या जीपनं निघतो."