अर्धं काम दाखवणाऱ्या मॅडम

२०२२ साली मी चौसष्ट वर्षांचा होतो. लातूरला शेती अवजारांच्या कारखान्यात वेल्डिंग करत होतो. शिक्षण चौथी, पण माझ्या हातचं काम कोणी परत आणलेलं नव्हतं. त्या साली यंत्रांची आखणी करायला स्वामी मॅडम आल्या. उदगीरच्या, अंगानं उंच. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या खुर्च्या भिंतीला लावल्या.

रोज सकाळी सगळ्यांनी उभं राहायचं. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय, एवढंच बोलायचं. फळ्यावर चिठ्ठ्या: करायचं, चालू, झालं. दर पंधरा दिवसांनी यंत्र जसं असेल तसं शेतात न्यायचं. मला ते पटलं नाही. बिनरंगाचं यंत्र लोकांपुढं नेणं म्हणजे अर्धी दाढी करून लग्नाला जाणं. तसं मी तोंडावर बोललो.

त्या हसल्या. "मामा, अर्धंच दाखवू. पुरं झाल्यावर चूक निघाली तर तुम्हीच मला शिव्या घालाल."

तेव्हा हातानं ढकलायचं, बी टोकायचं यंत्र चालू होतं. मालकांनी सांगून टाकलं होतं, या फेरीला ते मंजूर झालं नाही तर फळा बंद, अन् मॅडमही घरी.

निलंग्याजवळ सुभद्राबाईंच्या शेतात मॅडम अन् मी दोघंच गेलो. बी नीट पडलं. पण दोन ओळी झाल्या अन् बाईंनी दांडा सोडला.

"ताई, हे तुमच्या नवऱ्याच्या मापानं केलं व्हय? माझे हात खांद्याच्या वर चाललेत."

"नवरा न्हाई अजून. माझ्याच मापानं झालंय."

"मग तुमीच टोका की आमचं रान."

दोघी लई हसल्या. परतताना मी म्हणालो, "यंत्र चालतंय. दांड्याचं मालकाला कशाला सांगता? तुम्ही दिलेल्या मापाला मी केसभर चुकलो नाही."

"तुम्ही न्हाई मामा, मी चुकले," एवढंच बोलल्या.

सकाळी मालक स्वतः आले होते. मॅडमनी दांड्याची चिठ्ठी 'झालं'खालून काढून 'चालू'खाली लावली.

"बायांना दांडा उंच होतोय. माप माझं चुकलं. पंधरा दिवस द्या."

"दांड्यांचे पाइप उद्या कापायचेत. दांडा तेवढा आखूड करा."

"नुसता आखूड केला तर बी टोकायचे दात जमिनीत उतरत न्हाईत. दांड्याचा वाकच नव्यानं काढावा लागेल."

"मग तुमचं-आमचं जमायचं नाही," मालक म्हणाले.

मॅडम भांडल्या नाहीत. संध्याकाळी पिशवी घेऊन माझ्याजवळ आल्या. "मामा, दांडा तेवढा बघा," म्हणाल्या, अन् उदगीरच्या गाडीला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाइप कापायला गेलो नाही. निलंग्याची पहिली एसटी धरली. सुभद्राबाई रानातच होत्या. टेपचं एक टोक त्यांना कोपराशी धरायला सांगितलं, अन् दुसरं घेऊन मी ढेकळात खाली बसलो.