न दाबलेल्या ओळी

कंपनीत सगळे त्याला तळटीप म्हणत. चहा गरम आहे एवढं सांगतानाही हा माणूस 'कपाचा कान धरून उचला' असं जोडायचा. पण पगार त्याला याच खोडीचा मिळत होता. मजकूर टाइप करायचा एक प्रोग्रॅम कंपनी विकायची. टाइप करताना माणूस अडला की पडद्याच्या तळाशी एक निळी ओळ उमटे. ती दाबली की माहितीपुस्तिकेचं नेमकं पान उघडे. ओळ कुठे उमटावी, तिच्यात काय लिहावं, ती कोणत्या पानावर न्यावी, हे एकोणीस वर्षं तळटीप ठरवत होता.

त्याची लाडकी ओळ अशी: 'फाइल बंद पडली तरी मजकूर गेलेला नाही. "परत आणा" दाबा, शेवटच्या दहा मिनिटांपर्यंतचा सगळा मिळेल.' एवढ्यासाठी त्याने आठवडा घालवला होता. विंगेतून विसरलेलं वाक्य पुरवणारा माणूस दोनच शब्द पुटपुटतो, सगळा अंक म्हणून दाखवत नाही. तसंच हे काम. टाळी अर्थातच दुसऱ्याला.

मग साहेबांना मोजायचा नाद लागला. मीटिंगमध्ये त्यांनी भिंतीवर आलेख लावला.

"ही शेजारच्या विभागाची ओळ. 'अधिक माहिती'. महिन्यात चाळीस हजार वेळा दाबली गेली. आणि तुमची ती 'परत आणा'वाली?"

"अकरा वेळा," तळटीप म्हणाला.

"त्यातल्या चार वेळा मीच दाबली. चालते का बघायला," साहेब म्हणाले.

तेव्हा निकाल लागला: पहिल्या तारखेपासून सगळीकडे 'अधिक माहिती', आणि तळटीपचं काय करायचं ते मागाहून बघू.

त्याची वहिनी घरबसल्या लोकांचे अर्ज टाइप करून द्यायची, याच प्रोग्रॅमवर. त्या संध्याकाळी तो तिच्या मागे खुर्ची टाकून बसला. थोड्या वेळाने फाइल बंद पडली, निळी ओळ उमटली. वहिनीने ती वाचली, वरच्या पट्टीतलं 'परत आणा'चं बटण दाबलं आणि पुढे टाइप करू लागली.

"वहिनी, ती निळी ओळ दाबली का नाहीत?"

"वाचली की."

"पण दाबली नाहीत."

"भाऊजी, दारातच निरोप मिळाल्यावर आत जाऊन कशाला बसू? मला कामं आहेत. तुम्हाला नाहीत का?"

दुसऱ्या दिवशी त्याने हे साहेबांना सांगितलं. साहेबांनी मोबाइलकडे बघत लक्षपूर्वक ऐकलं आणि विचारलं, "वहिनींचा आलेख आहे का?" आलेख नव्हता.

पहिल्या तारखेला ओळी गेल्या. दाबण्याचा आकडा आभाळाला भिडला, साहेबांनी सगळ्या मजल्याला केक वाटला. मजकूर हरवलेला माणूस 'अधिक माहिती' दाबे, अनुक्रमणिकेत भरकटे, मागे येई, पुन्हा दाबे. चार वेळा भरकटला की चार वेळा यश. पाचव्यांदा तो फोन करी.

तळमजल्यावरच्या खोलीत फोन घेणाऱ्या एकट्या ताई मेटाकुटीला आल्या. साहेबांनी तळटीपची सोय तिथेच लावली. कायमची नव्हे, फोन वाजताहेत तोवर.

तळटीप आपली पुसलेली ओळ दिवसातून ऐंशी वेळा म्हणू लागला. आणि लोक चक्क आभार मानू लागले. एक निवृत्त मास्तर बत्तीस मिनिटं रांगेत ताटकळले होते; तीनशे पानं परत आली तेव्हा ते पुन्हा पुन्हा 'धन्यवाद' म्हणत राहिले. एकोणीस वर्षांत त्याला कुणी 'बरं' म्हटलं नव्हतं. हळूहळू तो 'परत आणा'च्या आधी जरासा थांबू लागला. पलीकडचा श्वास रोखलेला ऐकू येई.

तीन महिन्यांनी साहेब स्वतः खाली उतरले.

"फोनचा आलेखही आभाळाला भिडलाय. जुन्या ओळी परत टाकाव्यात म्हणतो. तुमच्याकडे असतील ना? आम्ही पुसल्या, उगाच जागा अडत होती. मात्र फोन थांबले, की इथे दुसरा माणूस कशाला, तेही बघावं लागेल."

साहेब वर गेल्यावर ताई म्हणाल्या, "हरवल्या म्हणून सांगा. अधिक माहितीसाठी फोन करा म्हणावं."

तळटीप हसला. हेडफोन डोक्यावर होता, टाळी आता रोज मिळत होती, आणि या वयात दुसरी नोकरी कोण देणार होतं? पण मास्तरांची ती बत्तीस मिनिटं काही केल्या गिळली जाईनात. त्याने कीबोर्ड पुढे ओढला आणि लाडकी ओळ आठवणीतून उतरवली. मग तिच्याकडे बघत राहिला. ऐंशीपैकी साठ जण त्याला विचारत आले होते, 'म्हणजे दहाच मिनिटांचं मिळणार का हो?' लाडकी ओळ वर्षानुवर्षं लोकांना घाबरवत होती आणि तसं सांगायला कुणी आलं नव्हतं. शेवट खोडून त्याने लिहिलं: 'फार तर शेवटची दहा मिनिटं पुन्हा टाइप करावी लागतील.'

दोनशे चौदा ओळी त्याने आठवडाभरात वर पाठवल्या.

पुढच्या सोमवारी दुपारपर्यंत एकच फोन वाजला. राँग नंबर होता. तरीही तळटीपने त्या माणसाला योग्य नंबर कसा शोधायचा ते समजावून सांगितलं.

"चला," ताई म्हणाल्या, "आता साहेबांना तुमचं काय ते बघायला सवड मिळेल."