दुमिंकाच्या वडिलांचा फोटो

आमच्या बेटावरच्या झब्बर गावात, बँडपथकाच्या क्लबात मी बरीच वर्षं चहा-बिअर देतोय. दाराजवळच्या उजेडाच्या टेबलावर चर्चमधल्या सकाळच्या मिस्सानंतर विस्तिन झेराफा येऊन बसायचे. ती जागा त्यांचीच. नवखा कुणी तिथं बसलाच, तर विस्तिन काही बोलत नसत, नुसते शेजारी उभे राहत. तो बिचारा आपणहून उठायचा.

विस्तिन लष्करात होते. काम एकच, न फुटलेले बॉम्ब काढायचं. युद्ध संपलं तेव्हा ते जेमतेम सतरा वर्षांचे होते. पण जर्मन विमानांनी या बेटात जे पेरलं होतं, ते पुढं कितीतरी वर्षं उगवत राहिलं. कधी कांद्याच्या शेतात, कधी गोदीच्या गाळात, एकदा तर एका बाईच्या मोरीखाली. विस्तिन जायचे, आडवे व्हायचे, आणि ते उपटून आणायचे. डावा कान पुरता गेला तेव्हा त्यांना निवृत्त केलं.

मग सुरू झाले फोटो. आमच्याकडं घरटी एक तरी असा फोटो आहे. कुणाचा मामा बॉम्बवर पाय ठेवून उभा, कुणाच्या आजोबांनी बॉम्बला आपली टोपी घातलेली. युद्धात बेटाला वेढा पडला तेव्हा खायला पाव नव्हता, पण फोटोची रीळं कुठून मिळत होती देव जाणे. लोक ते घेऊन विस्तिनकडं यायचे आणि विचारायचे, हा कुठला? खरं तर विचारायचे नाहीत, त्यांना फक्त होकार हवा असे. हजार किलोच्या लठ्ठ बॉम्बला त्या काळी हर्मन म्हणत, आणि आपल्या घरचा बॉम्ब हर्मनच असणार याबद्दल प्रत्येकाची खात्री असे. विस्तिन भिंगातून बघत आणि म्हणत, "शेजारचा बूट बघा केवढा दिसतोय. पन्नास किलोचा आहे." कस्टममधल्या एका निवृत्त साहेबांनी एवढ्यावरून त्यांना ओळख देणं सोडलं. एकानं आणलेला बॉम्ब पाणी तापवायचा बंब निघाला.

ओळखायची त्यांची रीत साधी होती. शेपटीचे पंख, उचलायची कडी, आणि सगळ्यात आधी बेंबी, म्हणजे बॉम्ब फोडणाऱ्या खटक्याची जागा. इंग्रजांच्या बॉम्बचा खटका नाकात नाहीतर शेपटीत असतो, जर्मनांचा कुशीला, ते म्हणायचे. कुशीत गोल चकती दिसली की जर्मन. चकतीच्या जागी नुसतं भोक असेल, तर खटका काढलाय, बॉम्ब मेलाय.

या सगळ्याचा त्यांना उबग आला होता. हे काम ते घरी करत नसत, त्यालाही कारण होतं. त्यांची बायको जॉर्जा सगळं विसरत चालली होती. जेवलो का हे विसरायची, मुलगा ऑस्ट्रेलियात गेलाय हे विसरायची. फक्त युद्ध तेवढं लक्षात राहिलं होतं. एकदा टेबलावर कुणाचा तरी फोटो राहिला. तो बघून ती जपमाळ घेऊन टेबलाखाली शिरली, आणि दुपारपर्यंत बाहेर आली नाही. शेवटी विस्तिन स्वतःच तिच्याजवळ जाऊन बसले, गुडघे दुखत असताना. तेव्हापासून फोटो क्लबात. शेजारीण जॉर्जाजवळ बसायची तेवढा वेळ त्यांचा. तोही लोक खायचे.

शहाण्णव सालच्या नोव्हेंबरात दुमिंका बुहाजर आली. गाडीवर भाजी विकणारी, आवाज मोठा, मन साफ. वारलेल्या वडिलांच्या जन्माला शंभर वर्षं होत होती, त्यांचा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा होता, खाली बॉम्बचं नाव घालायचं होतं.

"बघा, कसे बसलेत!" ती म्हणाली. "आई सांगायची, गाढवावर बसायला घाबरायचे. आणि इथं बघा."

शेतात एक बारीक माणूस बॉम्बवर बसून विडी ओढत होता. मागं विहिरीचा दगडी काठ दिसत होता. विस्तिननी भिंग लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही. त्यांचा चहा निवला.

"अडीचशे किलो. जर्मन," ते म्हणाले. "हा नेला कुणी?"

"इंग्रज सोल्जर घेऊन गेले. बाबाच सांगायचे."

"तुम्ही पाहिलंत?"

"मी कुठली पाहते? त्याच दिवशी तर जन्मले मी."

त्यांनी मग विहिरीबद्दल विचारलं. दुमिंका हसायला लागली. म्हणाली, ती विहीर म्हणजे आमच्या घरातली गंमत आहे. त्यात शेळी पडून मेली, पाणी नासलं, म्हणून बाबांनी वर फरशा टाकून सिमेंट ओतलं. उन्हाळ्यात दुसरीकडून पाणी वाहून आणायचे, पण ती उघडली नाही. आता ती जागा तिच्या वाट्याला आली होती. मुलगा मार्सेल तिथं घर बांधणार होता. थोरला भाऊ पिनु गेली कितीतरी वर्षं आडवा आला होता. लग्न नाही, मूलबाळ नाही, तरी जमिनीचा हव्यास सुटत नाही. शेवटी वकिलांनी वाटणी करून दिली. सोमवारी खणायचं यंत्र येणार होतं.

विस्तिननी भिंग खाली ठेवलं आणि डोळे चोळले. मग मला म्हणाले, "तुझी गाडी आहे ना बाहेर?"

त्यांनी शेजारणीला निरोप धाडला, आणि आम्ही तिघं मार्सस्कालाजवळच्या त्या शेताच्या वाटेला लागलो. दुमिंकाला मागं बसवलं होतं, ती कुणाकुणाला हात करत होती. विस्तिन माझ्या शेजारी. हळूच म्हणाले, "मनात आलं होतं, अडीचशे किलो म्हणून सांगावं आणि चहा प्यावा. एवढंच तर विचारत होती. आता उघड बोललो की लष्कर येणार, रस्ते बंद होणार, लोक माझ्या दारात. जॉर्जाला कोण बघणार?" मग म्हणाले, "पण चकती जागेवर आहे रे."

पिनु शेताचा दगडी गडगा रचत होता. बहिणीला बघून त्यानं मान फिरवली. विस्तिननी फोटो त्याच्यासमोर धरला. पिनुनं हातातला दगड खाली ठेवला. घाबरला वगैरे नाही. ओझ्याचं गाठोडं कुणीतरी डोक्यावरून उतरवून घ्यावं, तसा खाली बसला.

"विहिरीत आहे?" विस्तिननी विचारलं.

"हो."

 मग पिनुनं सांगितलं. तो दहा वर्षांचा होता. सकाळी बॉम्ब सापडला, काका फोटो काढून गेला, आणि दुपारी आईला कळा सुरू झाल्या. सोल्जरांना कळवलं असतं तर त्यांनी घर खाली करायला लावलं असतं. शेजारच्या मळ्यात तसंच झालं होतं, तिथली म्हातारी रस्त्याच्या कडेलाच गेली. सुईण म्हणाली, बाळ आडवं आहे, हिला हलवलीत तर दोघं जातील. बापानं घटकाभर विचार केला आणि गाढवाला दोर बांधले. पिनु तोंड धरून गाढवाला एकेक पाऊल मागं घेत होता, बाप बॉम्बवर हात ठेवून तो आत सोडत होता. पाण्यात शिरला तेव्हा आवाजही झाला नाही, पिनु म्हणाला. आतून बाळाचं रडणं मात्र ऐकू आलं.

"तो खटका आपटल्यावर फोडणारा होता की ठरल्या वेळी फोडणारा, घड्याळाचा, हे फोटोवरून मला सांगता येत नाही," विस्तिन म्हणाले. "तुमच्या वडिलांना तर काहीच माहीत नव्हतं."

"त्यांना एवढं माहीत होतं की तो फुटू शकतो."

 दुमिंका म्हणाली, "पिनु, एवढी वर्षं आम्ही तुला हावरा म्हणत आलो. तू एकदा तरी सांगायचंस."

"बॉम्ब लपवला म्हणून सोल्जर धरून नेतील, या भीतीनं बाबांनी शपथ घातली होती," पिनु म्हणाला. "बाबा गेल्यावर सांगणारच होतो. पण मग तुम्ही विचारलं असतं, आजवर का नाही बोललास? जेवढा उशीर होत गेला, तेवढं तोंड उघडणं जड होत गेलं. मग मी ठरवलं, आपण इथंच राहायचं. कुणाला खणू द्यायचं नाही."

"आणि तुम्ही त्याच्यापासून वीस पावलांवर झोपत होतात," मी म्हणालो. मला राहवलं नाही.

"झोपत होतो असं कुणी सांगितलं?"

दुमिंका त्याच्या शेजारी दगडांवर जाऊन बसली.  थोड्या वेळानं तिनं पिशवीतून दोन संत्री काढली, एक सोललं आणि अर्धं त्याच्या हातात दिलं. विस्तिन गाडीत जाऊन बसले होते. मी गेलो तर मान मागं टाकून डोळे मिटून पडले होते.

पुढं सगळं ते म्हणाले तसंच झालं. लष्करानं वाट बंद केली, आसपासच्या लोकांना चर्चच्या हॉलमध्ये नेऊन बसवलं, तिथं बायकांनी घरून मॅकरोनीची पातेली आणली आणि जत्राच भरली. सिमेंट फोडलं तेव्हा खाली गाळात तो पडलेला होता, चकतीसकट. तरुण अधिकाऱ्यानं विस्तिनना मानानं बोलावलं होतं. त्यांनी निरोप पाठवला की जॉर्जाचं सूप चुलीवर आहे. बॉम्ब समुद्रात नेऊन फोडला. विस्तिननी तो आवाज ऐकला की नाही, मला माहीत नाही.

मार्सेलचं घर झालं, विहिरीपासून जरा लांब. मागची खोली पिनुची. मामा आता बरा वागतो, मार्सेल सांगतो, फक्त दिवसभर काहीच करत नाही, बसून असतो. पिनुच्या वयाला तेवढं चालायचंच.

विस्तिनचं नाव पेपरात आलं आणि फोटोवाल्यांची रीघ लागली. आठवडाभर त्यांनी सोसलं. मग भिंग त्या तरुण अधिकाऱ्याला देऊन टाकलं आणि मला सांगितलं, कुणी आलं तर बराकीत पाठव. लेंटच्या उपासाच्या दिवसांत जॉर्जा गेली. खांदा द्यायला पिनु आला होता, इस्त्रीचा कोट घालून.

त्यानंतर विस्तिन दुपारीही क्लबात येऊ लागले. मला वाटलं होतं, आता वेळ आहे, तर हळूहळू पुन्हा फोटो बघू लागतील. नाही बघितले. फुटबॉलचं पान वाचायचे, तेही अर्धवट. एकदा मी विचारलं, असं नुसतं बसून कंटाळा नाही का येत?

"येतो ना," ते म्हणाले. "बरा असतो रे कंटाळा." आणि कप पुढं सरकवला, अजून चहा घाल म्हणून.