काकूंच्या नावाचा सौदा

मी अजून तिच्या दारातच उभी होते, आणि मंजिरीने माझ्या पायांपाशी मीठ टाकलं. मूठभर, जाडं मीठ. माझ्या बुटांवर उडालं.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका," ती मास्कच्या आतून म्हणाली. "घरात आजारपण आहे. यापुढे डबा नको. आणि आमच्या दारावरून जाऊही नका."

आयर्लंडातल्या ॲडम्सटाउनमधली भर दुपार. समोरची आयरिश म्हातारी खिडकीतून बघत होती. तिला वाटलं असेल, बर्फ वितळवायला मीठ टाकतायत. सप्टेंबरात.

माझा गुन्हा सांगते. आदल्या आठवड्यात मी मंजिरीकडे मिसळीचा डबा दिला होता. करोनामुळे बेल वाजवायची, डबा पायरीवर ठेवायचा आणि निघायचं, अशी तेव्हाची पद्धत. तिची ऑफिसची मीटिंग चालू होती, दार लवकर उघडलं नाही. इथे कोल्हे वस्तीत मांजरांसारखे फिरतात. एकाने पिशवी फाडली. पाव नेले, तर्री सांडली. पायरीवर उरलं कापलेलं लिंबू, लालभडक. आणि दिवस नेमका सर्वपित्री अमावास्येचा.

मंजिरीने फोटो काढला. पुढे तिच्या नवऱ्याला ताप आला, मुलाला वास येईना, टेस्ट पॉझिटिव्ह आली. मग तो फोटो आमच्या बायकांच्या ग्रुपवर पडला. खाली ओळ: "मी कोणाचं नाव घेत नाही. पण सावध राहा." सगळ्या शिकलेल्या. निम्म्या सॉफ्टवेअरमध्ये. एकीनेही विचारलं नाही की मिसळीबरोबर लिंबू नाही तर काय देतात? हात जोडलेले इमोजी मात्र भराभर आले. पुण्याच्या गुरुजींनी झूमवर सांगितलं, घरावर बाहेरच्या बाईची सावली आहे. झालं. डबे बंद.

मीच का? मी नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले. नवरा अचानक गेला. सगळ्यांनी धरलं होतं, ही आता मुलीला घेऊन परत जाणार. मी गेले नाही. नियम वाचले, नोंदणी केली, घरच्या ओट्यावर डबे सुरू केले. कांद्याच्या पोत्यावरून होलसेलवाल्याशी असं भांडते की मी दुकानात शिरले की तो कपाळाला हात लावतो. मोठ्याने बोलते. कुंकू लावते. विधवेने निदान एक तरी गोष्ट सोडायला हवी होती. मी काहीच सोडलं नाही.

दिवाळी तोंडावर होती. विमानं नाहीत, देशातून पार्सल येत नाही. त्या वर्षी ज्याच्या हातात फराळ, त्याची दिवाळी. माझं घरभाडं त्या फराळावर होतं. आणि ग्रुपवर जाहिरात आली: मंजिरीचा घरगुती फराळ, सात्त्विक हातांनी केलेला.

सात्त्विक हात!

मुलगी तेव्हा शाळेत युरोपातल्या चेटकिणींचा धडा शिकत होती. मला रांधायला काही उरलं नव्हतं, म्हणून म्हटलं, वाच मोठ्याने. ती वाचत गेली, मी मधेमधे अडवत गेले. थंडीने पिकं गेलेली. धान्य महाग. रोगांच्या साथी. धर्माचे दोन पक्ष एकमेकांच्या उरावर, जास्त पवित्र कोण हे दाखवायची चढाओढ. मग कुणाची तरी गाय मरायची, आणि आठवायचं, परवा त्या म्हातारीला दूध न देता दारातून हाकललं होतं. तिनेच शाप दिला असणार. बहुतेक वेळा बाईच. एकटी, बहुधा गरीब. कुठे औषधपाणी जाणणारी. कुठे एखादी जमिनीचा तुकडा राखून बसलेली विधवा.

"पण सुरुवात कोणी केली? राजाने?"

"नो मॅम. मोस्टली द नेबर्स." इथली पोरं आईला मॅम म्हणतात.

"आणि कबूल केलं की सोडायचे?"

"नॉट रिअली. दे आस्क्ड हर, हू एल्स?"

त्याच आठवड्यात मंजिरीचा फोन आला. आवाज एकदम गोड.

"ताई, हे मिटवून टाकू आपण."

"मी काही केलेलं नाही."

"अहो, तेच म्हणतेय मी! तुम्ही नाहीच केलं. तुमच्याकडे त्या काकू यायच्या ना, मीठ-मोहरी ओवाळणाऱ्या? लिंबू त्यांनी ठेवलं असेल. तेवढं ग्रुपवर लिहा, म्हणजे गुरुजींचं बोलणंही खोटं पडत नाही. ऑर्डरी परत सुरू. मीसुद्धा माझा फराळ थांबवते; तुम्ही करा, नफा निम्मा-निम्मा."

काकू म्हणजे यवतमाळच्या. नातवाला बघायला आल्या आणि विमानं बंद झाल्याने मुलाच्या घरी अडकल्या. कोणाला खोकला झाला की काढा करून द्यायच्या. सून त्याच ग्रुपमध्ये. इंग्रजी येत नाही, परत जाता येत नाही. सुनेने घरातून काढलं, तर या देशात त्यांना दुसरं दार नाही.

खोटं कशाला बोलू? भाव चांगला होता. आयुष्यभर घासाघीस केली, पण इतकं तयार गिऱ्हाईक कधी भेटलं नव्हतं. भाडं आठवलं. मुलीचं तोंड आठवलं. मी फोनवर टाइप केलं: "त्या दिवशी काकूंनी..."

बाहेर फाटकाशी काकूच उभ्या होत्या, लांब, नियम पाळून.

"तोंड काहून उतरलं वं तुयं? जेवली का नाही?"

मी ते शब्द पुसले. दार लावलं आणि रडले. रडून झाल्यावर मंजिरीला फोन केला.

"काकूंचं नाव विकायला नाही."

"मग दिवाळी कशी काढणार, ताई?"

"उपाशी."

दिवाळी तशीच गेली. एक ऑर्डर आली नाही. काकूंच्या सुनेने काकूंना माझ्याकडे यायला बंदी केली. आता मी पलीकडच्या टॅला भागात एका वृद्धाश्रमात फरशा पुसते, घरी येऊन पाठ टेकली की छत अंगावर येतं. कुणी माफी मागितली नाही. मागितली तरी मी ती घेणार नाही.

पण त्यांची रीत मला कळली आहे. आधी बाईकडचं काहीतरी डोळ्यांत भरतं, देव आणि आजार मागून येतात. म्हणून इथल्या वस्तीत पुन्हा कोणा बाईकडे बोट दाखवलं गेलं, ती मला आवडो न आवडो, मी सगळ्यांच्या देखत, नाव घेऊन विचारणार: हिचं काय हवंय तुम्हाला? आणि उत्तर मिळेपर्यंत तिच्या दारातून हलणार नाही.