एकाच धानासाठी दोन टेम्पो

लग्नानंतर बरीच वर्षं आमच्या घरात पैशांची वाटणी सरळ होती. कमवायचं ह्यांनी आणि पुरवायचं मी. हे तुमसरला राइस मिलमध्ये मशीनवर कामाला, रोज गाडीने जाऊन-येऊन. रोवणीपासून चुरण्यापर्यंत, म्हणजे लावणीपासून मळणीपर्यंत, शेती मी पाहायची, पण धान विकायची वेळ आली की वजनकाट्याजवळ हे. एका वर्षी मी भडकलेच. "चिखलात मी, आन् काट्याजवळ तुमी? हा कोन्ता न्याय झाला जी?"

हे हसले, पण ऐकलं. त्या वर्षीचं धान मीच विकायचं, हे कबूल केलं. शिवाय आजपासून पैसा दोघांचा, आणि मोठा खर्च एकमेकांना विचारल्याशिवाय करायचा नाही, असंही ठरलं. आता मोठा खर्च कोणता आणि छोटा कोणता, हे ह्यांना कधीच कळलं नाही. मी धानाच्या बांधीत, चिखलात वाकलेली असायची आणि फोन वाजायचा, "बनियान घेऊन राहिलो, घेऊ ना?" एकदा तर वांग्यांसाठी फोन. मी वैतागायची, पण खरं सांगते, मला ते आवडायचंही.

धान घरात आल्यावर मी चार ठिकाणी भाव काढले, घासाघीस केली, आणि गावोगाव फिरून धान घेणाऱ्या एका व्यापाऱ्याला रविवारी सकाळी यायला सांगितलं. ह्यांना मुद्दामच बोलले नाही. आलेले पैसे हातात ठेवून ह्यांचा चेहरा पाहायचा होता.

रविवारी दारात टेम्पो लागला. मी पदर खोचून पोती दाखवत होते, तेवढ्यात मागे दुसरा टेम्पो येऊन थांबला. त्यातून ह्यांच्या मिलवर नेहमी येणारा व्यापारी उतरला. ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला खरा, पण मी ठरवला होता तसा नाही.

"तुमी याले बोलावलं?" मी विचारलं.

"चांगला भाव देऊन राहिला होता, म्हनून हो म्हनलो. म्हनलं, इकशील तूच, पन सुट्टीच्या दिवशी चांगलं गिराइक आनून तुले खुश करावं."

खर्च करण्याआधी विचारायचं, एवढंच आम्ही ठरवलं होतं. विकण्याआधीही विचारावं लागतं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं!

त्यात ह्यांच्या व्यापाऱ्याचा भाव माझ्या व्यापाऱ्यापेक्षा थोडा चढा. तो ह्यांना म्हणाला, "भाऊ, आपलं बोलनं झालं आहे. वयनी बोलल्या असतील कोनाशी, पन बायांचं बोलनं कायले धरता जी?"

माझं डोकं सणकलं. तरी मनात माझाही हिशेब सुरू होता. त्या जास्तीच्या पैशांत खत आलं असतं. पण मी पहिल्यांदाच दिलेला शब्द मोडला असता, तर पुन्हा कोणी माझ्याशी भावाचं बोललं नसतं. शेजारची माणसं जमली होती. सगळे ह्यांच्याकडे पाहत होते, आणि मीही.

ह्यांनी डोकं खाजवलं. "धान इनं पिकवलं, इनंच इकलं. इनं शब्द देला, तो घराचा शब्द. मी न इचारता बोललो, चुकी माही. तुमच्या टेम्पोचं भाडं मी देतो."

ज्या माणसाला मिलवर रोज तोंड दाखवायचं, त्याच्यासमोर, सगळ्यांच्या देखत हे असं बोलले. मला भरून आलं. एवढं प्रेम मला ह्यांच्या गळ्यात हार घालतानाही आलं नव्हतं. मग मी पोती मोजून द्यायला लागले.

पहिला टेम्पो भरून गेला. दुसऱ्या व्यापाऱ्याने आपला रिकामा टेम्पो वळवला, अंगणाच्या कडेला थांबवला आणि खिडकीतून मान बाहेर काढली. हे तिथेच उभे होते. त्यांना सोडून तो माझ्याशी बोलला.

"वयनी, उन्हाळी धान निंगलं का मले आधी सांगजा जी."

"भाव बोला," मी म्हटलं, "मंग पाहू."