हात न मळवता बटाटे

परदेशातल्या चार मराठी घरांना शेजारी शेजारी बाल्कन्या मिळाल्या की किस्से आपोआप साठतात, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. आमचे तर नुसत्या बटाट्यांचेच इतके झालेत की इथे जपानमध्ये, हिगाशी-कसाईत कुणी नवीन राहायला आलं की चहाबरोबर तेच निघतात. आमचा नियम एकच होता. ज्या बागकामासाठी खुर्चीवरून दोनदा उठावं लागेल ते करायचं नाही. या नियमात बसणारं पीक बटाटाच!

*

शोध लावला प्रसादने. तो सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढणं हाच त्याचा व्यवसाय. एक व्हिडिओ बघून त्याने जाहीर केलं की कुंडीची गरजच नाही. मातीची पिशवी विकत आणायची, उभी करायची, वरून तोंड कापायचं, खाली चार भोकं पाडायची आणि आत दोन बटाटे खुपसायचे.

पिशवी ठेवायला त्याने बाल्कनीतली मस्त सपाट जागा शोधली. ती जागा म्हणजे आग लागल्यावर खालच्या मजल्यावर उतरायच्या शिडीचं झाकण! बिल्डिंगची तपासणी करायला आलेल्या माणसाने ते पाहिलं. प्रसादने कमरेत वाकून माफी मागितली आणि त्याला सांगितलं, "आग लागली तर आधी बटाटे उतरवू, मग आम्ही उतरू."

तो माणूस हसला नाही. पिशवी हलेपर्यंत तिथेच उभा राहिला.

*

त्या पिशवीतून अकरा बटाटे निघाले आणि पिशवीभर माती उरली. मग कळलं की आमच्याकडे कचऱ्याच्या गाडीत माती चालत नाही. जळणारा कचरा, न जळणारा कचरा, बाटल्या, पुठ्ठे, सगळ्याला वार ठरलेला आहे. मातीला वारच नाही.

प्रसाद म्हणाला, सामानातून पुण्याला नेऊ. त्याची बायको मधुरा म्हणाली, मग तूही तिकडेच राहा. शेवटी प्रथाच पडली. काँट्रॅक्ट संपून जे घर भारतात परततं, ते आपली माती मागे राहणाऱ्याला देऊन जातं. माझ्या बाल्कनीत आता तीन घरांची माती आहे. माणसं एव्हाना बाणेर, ठाणे आणि बंगळुरूला पोचलीत.

*

पुढच्या वर्षी प्रसाद रीतसर बियाण्याचे बटाटे घेऊन आला. इथल्या पद्धतीप्रमाणे ते अर्धे कापले, कापलेल्या बाजूला राख चोळली आणि खिडकीत मांडून ऑफिसला गेला. त्याच आठवड्यात त्याची आई साताऱ्याहून आली होती आणि त्या दिवशी संकष्टी होती.

संध्याकाळी येऊन बघतो तर खिडकी रिकामी. बटाटे कुठे गेले, असं त्याने घाबरून विचारलं. आईंनी ते कुणीतरी राखेत पाडलेले बटाटे समजून स्वच्छ धुतले होते, सोलले होते आणि पाण्यात घालून ठेवले होते.

"काळजी करू नकोस," त्या म्हणाल्या, "जिरं घालूनच करतेय."

*

आता मधुराच्या जमिनीचं सांगते.

वॉर्डातर्फे वर्षाच्या बोलीवर शेतीचे छोटे तुकडे देतात, त्यासाठी लॉटरी असते. मधुराला तिसऱ्या खेपेला तुकडा लागला. आमच्या गॅलरीएवढाच, पण कागदावर नाव तिचं. घर प्रसादच्या नावावर, फोन त्याच्या नावावर, आणि व्हिसावर ती त्याची बायको. जपानमध्ये तिच्या एकटीच्या नावाने आलेला हा पहिला कागद होता. तिने तो फ्रिजवर लावला. मला तिच्यासाठी फार बरं वाटलं.

नियम मात्र आमचाच पाळला. खणायचं नाही. बटाटे जमिनीवर नुसते ठेवायचे, वरून काळं प्लास्टिक ताणून कडा दाबून टाकायच्या. कोंबांनी प्लास्टिक उचललं की एकदा जाऊन ब्लेडने भोकं पाडायची. तणच उगवत नाही, म्हणून मग आम्ही कुणीच तिकडे फिरकलो नाही.

जूनमध्ये पत्र आलं. तुकडा पडीक दिसतो, शनिवारी पाहणी होईल, लागवड आढळली नाही तर परत घेण्यात येईल. आम्ही धावत गेलो. आजूबाजूला काकड्या, टोमॅटो, बांबूचे मांडव, आणि मधोमध आमचं धुळकट प्लास्टिक अन् पिवळी पडून लोळलेली पानं. प्रसाद म्हणाला, जाऊ दे, बटाटे दुकानात मिळतात. मधुरा दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

शनिवारी वॉर्डाकडून पाहणीला साठीचे ओकादा-सान आले, हातात फॉर्म आणि मोजायची टेप. मधुराने खाली बसून प्लास्टिकची एक कड उचलली. उघड्या जमिनीवर बटाटे मांडून ठेवल्यासारखे पडले होते. तिने एक नुसत्या हाताने उचलून त्यांना दिला.

ओकादा-साननी फॉर्मवर "लागवड आहे" असं लिहून शिक्का मारला. पण ते जाईनात. खणावं लागतच नाही का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "आमच्या घरी बायकोचे गुडघे आता वाकत नाहीत. तिला हे बसून जमेल?"

मधुराने बादली उपडी केली आणि त्यांच्याकडे सरकवली. ते बसले. हात खाली सोडला, एक बटाटा उचलला, परत जागेवर ठेवला, पुन्हा उचलला.

मग उठून त्यांनी टेपने बादलीची उंची मोजली, आणि ती फॉर्मवर न लिहिता खिशातल्या डायरीत लिहून घेतली.