कुतुब सोडून सूरजकुंड

दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाचं घर म्हणजे बिनभाड्याचं लॉज. आमचं तर होतंच. महाराष्ट्रातून कुणीही यावं, आईनं गाद्या घालाव्यात आणि बाबांनी रविवारी त्यांना ठरलेल्या वाटेनं फिरवून आणावं. आधी कुतुब मिनार, मग लाल किल्ला, राजघाट, बिर्ला मंदिर, आणि संध्याकाळी इंडिया गेटवर आइस्क्रीम. बाबा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते, त्यामुळे एकदा पडलेली पद्धत मोडायची नाही हे त्यांच्या हाडात भिनलेलं. म्हणून जळगावहून येणाऱ्या पाहुण्यांना आपण सूरजकुंडाला नेऊ, असं ते एका गुरुवारी जेवताना म्हणाले, तेव्हा माझा घास हातातच राहिला.

"कुतुब नाही दाखवायचा?" मी विचारलं.

"कुतुबला फार गर्दी असते. धड बोलणं होत नाही."

घ्या! दिल्ली बघायला येणाऱ्या माणसांना एवढं बोलायचं कशाला असतं? माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

ही एशियाडच्या आधीची गोष्ट. आता सूरजकुंडाला मोठा मेळा भरतो, पण तेव्हा तिकडे काळं कुत्रं फिरकत नसे. दिल्लीची हद्द ओलांडली की हरियाणातलं एक खेडं, आजूबाजूला कीकरचं, म्हणजे बाभळीचं रान, दगडाच्या खाणी, आणि त्या सगळ्याच्या मधोमध हजारेक वर्षांपूर्वी कुण्या राजानं बांधलेलं ते कुंड. जळगावच्या माणसाला हे ठाऊक असायचं काहीच कारण नव्हतं.

मी तेव्हा बावीस वर्षांची. सहा महिन्यांपूर्वीच एका सरकारी ऑफिसात लागले होते, अजून कायम व्हायची होते. माझ्या दोन मैत्रिणींना असेच 'दिल्ली बघायला' आलेले पाहुणे येऊन पाहून गेले. एक लग्न होऊन नाशिकला गेली, दुसरी सोलापूरला. दोघींनी नोकऱ्या सोडल्या. मला नोकरी सोडायची नव्हती आणि दिल्ली तर त्याहून नाही. मला कुणाच्या गळ्यात मारायचा डाव असेल, तर तो उधळायचा, असं मी त्या रात्रीच ठरवून टाकलं.

मग काय, मी सीआयडीच झाले. शुक्रवारी आईनं दोन चांगल्या साड्या इस्त्रीला दिल्या. एक माझी, एक आत्याची. मी विचारलं तर म्हणाली, "बाहेर जायचंय ना, म्हणून." बाबांनी शेजारच्या सरदारजींची मेटाडोर ठरवली. एरवी हेच बाबा पाहुण्यांना डीटीसीच्या बसमध्ये लोंबकळत न्यायचे! मी स्वयंपाकघरात शिरले की आई आणि आत्या बोलायच्या थांबायच्या. आत्या तर माझ्याकडे बघेचना. मला तिचा भयंकर राग आला. आईबाबांचं एक वेळ ठीक, पण तूसुद्धा?

कारण आत्या माझी होती. बाबांची ही धाकटी बहीण तेविसाव्या वर्षी विधवा झाली आणि आमच्याकडे आली, तेव्हा मी सात वर्षांची होते. माझ्या वेण्या, माझे डबे, माझे स्वेटर, सगळं तिनं केलं. आईला ती वन्सं, मला आत्या, आणि कॉलनीतल्या सगळ्यांना 'वो स्वेटरवाली दीदी'. ती आमच्याकडे राहते ही काही विशेष गोष्ट आहे, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

शनिवारी पाहुणे आले. एक चाळिशीचे गृहस्थ, बँकेत नोकरीला, आणि त्यांची आई. बस्स, दोघंच. बरोबर कॅमेरा नाही, मुलंबाळं नाहीत, खरेदीची यादी नाही. गृहस्थांची बायको तीन वर्षांपूर्वी वारली, असं आईनं हळूच सांगितलं. त्यांना एक धाकटा भाऊ आहे, हे जेवताना कळलं, आणि मी मनातल्या मनात टाळीच वाजवली. सापडला! थोरला भाऊ आणि आई मिळून धाकट्यासाठी मुलगी बघायला आलेत. गृहस्थ अगदी कमी बोलत होते. आजी मात्र प्रश्नामागून प्रश्न विचारत होत्या.

"आमटी छान झालीये. कुणी केली?"

"आत्यानं," मी लगेच म्हटलं. "मला तर साधं वरणसुद्धा करता येत नाही."

आई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, बसला एक फटका. आजी मात्र खुशीत हसल्या. "म्हणजे घरातलं सगळं याच बघतात होय?" असं म्हणून त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्यानं मान खाली घातली. अजब म्हातारी आहे, मुलीला स्वयंपाक येत नाही तरी हिला चालतंय, असं मनाशी म्हणत मी आणखीच सावध झाले.

रविवारी सकाळी निघालो. वाटेत तुघलकाबादचा किल्ला लागला. त्या पडक्या भिंतींवर माकडं बसली होती आणि बाबा, ज्यांना इतिहासात काडीचा रस नव्हता, ते सगळ्यांना तुघलकांची हकिगत ऐकवत होते. माझं तिकडे लक्षच नव्हतं. मी फक्त कोण कुणाजवळ बसतंय, कोण कुणाला खुणावतंय, एवढंच टिपत होते. पुढे रस्त्यावर खाणीचे ट्रक धुरळा उडवत होते आणि आत्यानं तिच्या चांगल्या साडीचा पदर नाकाला लावला होता.

सूरजकुंड मला आवडलं, खोटं कशाला सांगू. अर्ध्या चंद्राच्या आकाराच्या दगडी पायऱ्या, चांगल्या उंच उंच, खाली खाली उतरत गेलेल्या. तळाशी पाणी नव्हतंच, नुसतं गवत. त्यात एक मोर आरामात फिरत होता. आईनं वर सतरंजी घातली. पुऱ्या, बटाट्याची भाजी, लाडू, सगळं पोटभर झालं. मग बाबा एकदम उठले आणि आईला म्हणाले, "चल, आपण पलीकडचा जुना बांध बघून येऊ." लग्नाला पंचवीस वर्षं झाली, बाबांनी आईला असं कधी कुठे नेलं नव्हतं. आई मुकाट्यानं गेलीसुद्धा!

गृहस्थ म्हणाले, "मी जरा खाली उतरून बघतो." आणि आत्या, मला काही न सांगता, त्यांच्या मागोमाग पायऱ्या उतरू लागली.

वर उरलो मी आणि आजी. आता सगळं स्पष्ट झालं. सगळ्यांना बाजूला काढून म्हातारी माझी मुलाखत घेणार. अच्छा, तर मग घ्या.

"आत्याशी तुझं फार जमतं वाटतं?" आजींनी सुरुवात केली.

मला वाटलं, घरात माझं कोण आहे, मला सोडून कोण कोण राहू शकतं, याचा अंदाज घेताहेत. आणि त्याच क्षणी मला तो नामी उपाय सुचला. आजही आठवलं की अंगावर काटा येतो, इतक्या सहज सुचला.

"जमतं म्हणजे काय आजी, तिचं सगळं मलाच करावं लागतं. तिची तब्येत बरी नसते. दमा आहे तिला. दोन जिने चढली की छातीत दुखतं. डॉक्टरांनी सांगितलंय, एकटीला सोडायचं नाही. त्यामुळे मी दिल्ली सोडून कुठे जाणं शक्यच नाही."

शेवटचं वाक्य मी मुद्दाम ठासून म्हटलं. आजींचा चेहरा उतरला. "पण आम्हाला तर कुणी..." एवढंच त्या म्हणाल्या. मला आतून अगदी गुदगुल्या झाल्या.

थोड्या वेळानं आत्या वर आली. त्या उंच पायऱ्या चढून कुणीही धापा टाकेल तशी ती धापा टाकत होती, चेहरा लाल झालेला, हात छातीशी. आजी तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. पुढे बडखलचं तळं बघायचं ठरलं होतं, पण आजी म्हणाल्या, त्यांचं डोकं दुखतंय. आम्ही घरी परतलो. गाडीत मी एकटीच गुणगुणत होते.

दहा दिवसांनी जळगावहून पत्र आलं. मी ऑफिसातून आले तर आई आणि बाबा पत्र समोर ठेवून बसले होते. पत्र आजींच्या हातचं होतं. पहिली सून चार वर्षं अंथरुणावर होती, मुलानं तिचं सगळं केलं, आता पुन्हा तेच सोसायची त्याची ताकद नाही, बाईंच्या प्रकृतीचं आधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.

"हिच्या प्रकृतीला काय धाड भरलीये?" बाबा म्हणाले. "पंधरा वर्षांत साधा ताप आला नाही हिला."

मला पत्रातलं 'बाईंच्या' समजायला दोन मिनिटं लागली. पाहायला आले होते ते आत्याला, मला नव्हेच. मी तिथेच खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. बाबांनी हात उगारला. आयुष्यात पहिल्यांदा. मग तसाच खाली घेतला.

"मला का नाही सांगितलंत?" मी रडत ओरडले.

"तिनंच नको म्हटलं होतं," आई म्हणाली. "ठरलं तर सांगू म्हणाली. नाही ठरलं तर पोरीसमोर लाज वाटेल, म्हणाली."

बाबांनी त्याच दिवशी जळगावला सविस्तर उत्तर लिहिलं. बहीण ठणठणीत आहे, मुलीनं मूर्खपणा केला, हवं तर तुमच्या डॉक्टरांना दाखवू. मीही वेगळं पत्र लिहून माफी मागितली. उलट टपाली आजींच्या दोनच ओळी आल्या. पायऱ्या चढल्यावर बाईंची काय अवस्था झाली, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. अशी लपवाछपवी आम्हाला चालत नाही. मी खोटं बोलले होते तेव्हा त्यांचा माझ्यावर पटकन विश्वास बसला, आणि खरं सांगितलं तर कुणाचाच बसेना. माझ्या पत्राचं उत्तर तर आलंच नाही.

आत्याला बाबांनी सांगितलं. मी दोन दिवस तिच्यासमोर गेले नाही. तिसऱ्या दिवशी ती मागच्या अंगणात चटईवर लोकर गुंडाळत बसली होती, तिथे गेले आणि तिच्या पायाशी बसले. शिव्या दे, मार, काहीही कर, पण बोल, असं म्हणाले.

तिनं लोकरीची लड माझ्या हातांवर चढवली.

"मला विचारायचंस ना ग," ती म्हणाली. "एवढा संशय आला होता, तर येऊन सरळ विचारायचंस."

"चुकलं ग आत्या."

"ते कुंडात खाली उतरल्यावर म्हणाले, घरच्यांनी तुम्हाला विचारलंय की नाही ते मला माहीत नाही, म्हणून मी विचारतो. तुमच्या मनात आहे का?" तिचे हात थांबले. "माझ्या मनात काय आहे, हे पंधरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तिथल्या तिथे हो म्हटलं मी."